भिंगावर चढणारी राळ

मोबाइल दुरुस्तीच्या टेबलावर मायक्रोस्कोप आला तो गरजेपोटी. पुण्याच्या तापकीर गल्लीत किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडच्या आसपास बोर्ड दुरुस्त करणारे कारागीर पाहिले, तर त्यांचे डोळे दिवसभर आयपीसला लागलेले दिसतात. त्याला इलाज नाही. आजच्या फोनच्या बोर्डावरचे अगदी लहान कपॅसिटर ०.४ मिलिमीटर लांब आणि ०.२ मिलिमीटर रुंद असतात. कपाळाला बांधायच्या भिंगातून ते दिसतील. पण चिमट्यात धरून, शेजारच्या दोन भागांना धक्का न लावता त्यांना सोल्डर मारायचे, तर नजरेला मोठी मदत लागते.

मात्र या मायक्रोस्कोपला जागा मिळाली आहे ती फार वाईट. शाळा-कॉलेजातल्या मायक्रोस्कोपखाली काचपट्टी असते, थेंबभर पाणी असते, फार तर एखादे रंगद्रव्य. दुरुस्तीच्या टेबलावर भिंगाच्या बरोबर खाली सोल्डरिंग आयर्नचे तापलेले बिट असते, बिटाखाली पेस्ट असते, आणि पेस्ट तापली की निघणारा धूर सरळ वर जातो. वर दहा सेंटिमीटरवर उघडे भिंग. त्या धुराला दुसरी वाटच नसते.

या धुरात काय असते याविषयी एक समज घट्ट रुजलेला आहे: धूर म्हणजे शिशाची वाफ. तसे नाही. जुन्या पद्धतीच्या सोल्डरमध्ये ६३ टक्के कथील आणि ३७ टक्के शिसे असते, आणि ते १८३ अंश सेल्सिअसला वितळते. शिसेविरहित सोल्डरला साधारण २२० अंश लागतात. बिटाचे तापमान ३५० अंशांच्या आसपास ठेवतात. शिसे उकळते १७४९ अंशांना आणि कथील त्याच्याही कितीतरी वर. म्हणजे बिटाच्या उष्णतेने शिशाची नाव घेण्याजोगी वाफ होत नाही. शिशाचा धोका खरा आहे, पण तो बोटांना लागून, मग चहाच्या कपाला आणि वड्याला लागून पोटात जातो. हात साबणाने धुणे हाच त्यावरचा उपाय.

धूर होतो तो पेस्टचा, म्हणजे फ्लक्सचा. आणि फ्लक्समध्ये पिढ्यान्‌पिढ्या मुख्य घटक राहिला आहे तो राळ. पाइनच्या झाडाला खाच पाडून जो चीक गोळा करतात (उत्तराखंडात त्याला लिसा म्हणतात) त्यातून टर्पेंटाइन उडवून लावले की मागे पिवळी, काचेसारखी ठिसूळ राळ उरते. सारंगीच्या गजाला घासतात तीच. थंड असताना ती निरुपद्रवी दिसते. तापली की तिच्यातली आम्ले धातूवरचा ऑक्साइडचा थर खाऊन टाकतात आणि सोल्डर स्वच्छ धातूवर पसरते.

आपल्याकडे हे रसायन दारोदार फिरत होते. कल्हईवाला भाता मारून पातेले तापवायचा, नवसागराची चिमूट टाकायचा, आणि पांढऱ्या धुराच्या लोटात कथलाची कांडी फिरवून फडक्याने एका झटक्यात सगळे भांडे चकचकीत करायचा. तिथेही कथीलच, आणि धूर कथलाचा नव्हे, नवसागराचा. तापलेल्या भांड्यावर नवसागराचे अमोनिया आणि हायड्रोक्लोरिक आम्ल असे दोन वायू होतात. आम्ल तांब्यावरचा ऑक्साइड साफ करते. हवेत गेलेले दोन्ही वायू थंड होताना पुन्हा एकमेकांना भेटतात आणि पांढरा धूर दिसतो. कल्हईवाला उघड्यावर, बहुतेक झाडाखाली बसायचा. मोबाइलवाला बसतो तो दहा बाय दहाच्या खोलीत, दार लावून, एसी चालू करून. फरक एवढाच, पण भिंगाच्या आणि फुप्फुसाच्या दृष्टीने तोच सगळ्यांत मोठा.

बिट पेस्टला टेकले की आधी तिच्यातले पातळ द्रव्य उडते. मग राळेचा काही भाग वाफ होऊन उठतो, काही भाग विघटन पावतो आणि फॉर्मल्डिहाइडसारखी झोंबणारी द्रव्ये त्यातून सुटतात. ही वाफ चार बोटे वर गेली की थंड होते आणि तिचे बारीक थेंब होतात, बहुतेक एक मायक्रॉनहूनही लहान, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहून कमी. आपल्याला निळसर धूर दिसतो तो या थेंबांचा. भोवतालच्या हवेपेक्षा गरम असल्यामुळे हा झोत वर चढत राहतो आणि पहिल्या थंड पृष्ठभागावर आपटतो. तिथे जे थेंब चिकटतात, त्यांची पुन्हा राळ होते. स्वयंपाकघरात एग्झॉस्ट फॅनच्या पात्यावर जो चिकट थर बसतो, त्याची रीत हीच. एकदा चिकट थर बसला की त्याच्यावर धूळ, कापडाचे तंतू, सोल्डरचे अतिसूक्ष्म गोळे असे सगळे येऊन बसते.

हॉट एअरने काम करताना हे आणखी जोरात होते. तिथे बिटाच्या टोकाएवढीच नाही, तर आयसीभोवतीची सगळी पेस्ट एकदम तापते, आणि बोर्डावर आपटून परतणारी गरम हवा धुराला वर ढकलते. ‘नो-क्लीन’ पेस्ट वापरली की प्रश्न मिटतो असेही काही जण मानतात. त्या पेस्टचा गुण असा की बोर्डावर उरणारा अवशेष धुवावा लागत नाही. जे बोर्डावर उरत नाही, त्यातले बरेचसे उडून गेलेले असते, आणि उडून जायची दिशा आपण पाहिलीच.

या थराची खरी खोड म्हणजे तो दिसत नाही. आयपीसवर केस पडला तर लगेच खुपतो. डाग आयपीसवर आहे का ते ओळखायची युक्तीही सोपी: आयपीस जागच्या जागी फिरवावा, डाग त्याच्याबरोबर फिरला तर तो तिथलाच. खालच्या भिंगावरचा थर मात्र कधीच डाग म्हणून दिसत नाही. मायक्रोस्कोप बोर्डावर फोकस झालेला असतो. भिंगाचा पुढचा पृष्ठभाग त्या फोकसपासून खूप दूर असतो. त्यामुळे थराचा प्रत्येक ठिपका चित्रात जागेवर न उमटता सगळ्या चित्रभर प्रकाश विखुरतो. काळा रंग राखाडी होतो. आयसीवरची लेझरने कोरलेली अक्षरे पुसट होतात. सोल्डरची चकाकी पसरट दिसते आणि बारीक चीर त्या चकाकीत हरवते. हे एका दिवसात होत नाही, म्हणून कळत नाही. कारागीर रिंग लाइट वाढवतो. विखुरणाऱ्या थरावर जास्त प्रकाश पडला की धुके आणखी दाट होते. मग तो चष्म्याचा नंबर तपासायला जातो.

भिंगावर मुळात एक थर मुद्दाम दिलेला असतो, हे इथे सांगायला हवे. साध्या काचेच्या प्रत्येक पृष्ठभागावरून सुमारे ४ टक्के प्रकाश परत फिरतो. आठ-दहा पृष्ठभाग ओलांडायचे म्हटले तर तोटा मोठा, आणि त्याहून वाईट म्हणजे तो परतलेला प्रकाश आतच भरकटत राहतो. लॉर्ड रॅली यांनी १८८६ मध्ये एक चमत्कारिक गोष्ट नोंदवली होती: हवेने जुनाट, किंचित कळकटलेली काच नव्या काचेपेक्षा जास्त प्रकाश पार जाऊ देते. १९०४ मध्ये इंग्लंडच्या डेनिस टेलर यांनी असा कळकटपणा रसायनाने मुद्दाम आणायची पद्धत काढली. पुढे १९३५ मध्ये येना इथल्या झाइस कंपनीत अलेक्झांडर स्माकुला यांनी निर्वात पेटीत काचेवर अतिशय पातळ थर चढवण्याचे पेटंट घेतले. आजही त्यासाठी सर्रास वापरले जाते ते मॅग्नेशियम फ्लुओराइड. थराची जाडी मिलिमीटरच्या दहा हजाराव्या भागाएवढी, म्हणजे प्रकाशाच्या तरंगलांबीच्या हिशेबाने मोजून ठेवलेली. तो काम करतो कारण त्याचा अपवर्तनांक हवा आणि काच यांच्या मधला असतो.

राळेचा अपवर्तनांक जवळजवळ काचेएवढाच आहे. त्या मोजून दिलेल्या थरावर राळ बसली की त्याचा हिशेबच बिघडतो. शिवाय कळकटलेली काच सगळीकडे सारखी कळकटलेली असते. राळ बसते ती थेंबाथेंबाने, कुठे जाड, कुठे विरळ.

आता उपायांकडे. सर्वांत सोपा आणि स्वस्त उपाय म्हणजे भिंगापुढे एक साधी सपाट काच लावणे. मोठ्या कंपन्या आपल्या स्टिरिओ मायक्रोस्कोपसाठी अशी संरक्षक काच वेगळी विकतात. बाजारातल्या लोकप्रिय ७ ते ४५ पटींच्या अनेक मायक्रोस्कोपांना खालच्या बाजूला ४८ मिलिमीटरचे आटे असतात आणि त्या मापाचा कॅमेऱ्याचा यूव्ही फिल्टर त्यावर बसतो. सगळ्यांचे माप तेच असेल असे नाही, म्हणून घेण्याआधी कॅलिपर लावून मोजावे. आडवे आटे बसवायचा प्रयत्न करून मूळ आटे खराब करू नयेत. फिल्टरने अतिनील किरण अडवावेत अशी इथे अपेक्षा नाही. पारदर्शक, सपाट, कडीत बसवलेली काच सहज मिळते म्हणून तो घ्यायचा. कोटिंग असलेलाच घ्यावा, नाहीतर तिच्या दोन पृष्ठभागांवर मिळून ८ टक्के प्रकाश जातो आणि चकचकीत सोल्डरचे भुतासारखे प्रतिबिंब चित्रात तरंगते.

दोन नळ्या असताना एक काच कशी पुरते, असा प्रश्न पडतो. दोन्ही डोळ्यांना वेगवेगळ्या कोनातून दाखवणारा हा मायक्रोस्कोप होरेशिओ ग्रीनो या अमेरिकन प्राणिशास्त्रज्ञाने सुचवला आणि झाइसने १८९० च्या दशकाच्या उत्तरार्धात बनवला. ग्रीनो यांना जिवंत गर्भाची रचना खोलीसकट आणि सुलट पाहायची होती. त्यांच्या रचनेत किंचित तिरप्या दोन नळ्या आणि खाली दोन लहान भिंगे असतात. दुसऱ्या रचनेत खाली एकच मोठे सामाईक भिंग असते. दुरुस्तीच्या टेबलावरचे बहुतेक मायक्रोस्कोप ग्रीनोंच्या घराण्यातले. त्यातली दोन्ही लहान भिंगे एकाच गोल तोंडात शेजारी शेजारी बसतात, आणि आटे त्या तोंडालाच असतात. त्यामुळे एक काच दोघांनाही झाकते.

काचेने चित्र बिघडत नाही का? दोन मिलिमीटर जाडीच्या काचेतून पाहिले की खालची वस्तू काचेच्या जाडीच्या सुमारे एक तृतीयांशाने, म्हणजे पाऊण मिलिमीटरहून थोडी कमी, वर आल्यासारखी भासते. फोकसचे चाक थोडे फिरवले की झाले. जीवशास्त्राच्या मायक्रोस्कोपमध्ये हे चालले नसते. तिथे जास्त पटींच्या भिंगाचा हिशेब ०.१७ मिलिमीटरच्या आवरणकाचेवर बांधलेला असतो आणि तेवढ्या जाडीतला थोडा फरकही चित्र मऊ करतो. आपल्या मायक्रोस्कोपमध्ये किरण अरुंद शंकूतून येतात, म्हणून साधी काच खपून जाते. किचनमधली क्लिंग फिल्म ताणून बांधणारेही असतात. ती सपाट राहत नाही, तिच्यावर सुरकुती येते, आणि हॉट एअरपुढे ती टिकत नाही. तिच्या वाटेला जाऊ नये.

दुसरा उपाय अंतर वाढवण्याचा. ०.५ पटींचे बार्लो भिंग पुढे लावले (एकोणिसाव्या शतकातले इंग्रज गणिती पीटर बार्लो यांचे नाव त्याला मिळाले आहे) की पटी निम्म्या होतात, पण बोर्ड आणि भिंग यांच्यातली मोकळी जागा १० सेंटिमीटरवरून साधारण १६-१७ सेंटिमीटरवर जाते. पटी कमी झाल्याचे दुःख करू नये; बोर्डाचे बरेचसे काम दहा ते वीस पटींत होते. हातांना जागा मिळते, हॉट एअरचे नोझल तिरपे धरता येते, आणि वर पोचेपर्यंत धूर पसरून विरळ झालेला असतो. मात्र आता धूर खातो तो बार्लो. तेही भिंगच आहे, तेव्हा त्याच्याही पुढे काच लावता आली तर लावावी.

पण इथे थांबणे मला मान्य नाही. काच भिंगाला वाचवते. तिला चुकवून पुढे गेलेला धूर जातो कुठे? मायक्रोस्कोपच्या अंगावरून वर, आयपीसकडे, आणि आयपीसला टेकलेल्या चेहऱ्याकडे. राळेच्या धुराने कामाच्या ठिकाणी दमा जडतो हे वैद्यकात पक्के नोंदलेले आहे. एकदा शरीर त्याला संवेदनशील झाले की मग थोड्या धुरानेही छाती भरून येते. एक मायक्रॉनहून लहान कण नाकातल्या केसांत अडकत नाहीत, ते खोल फुप्फुसात उतरतात. जो थर भिंगावर बसतो म्हणून आपण हळहळतो, तसाच माल आत जातो आणि तिथे पुसायला कोणी नसते. म्हणून धूर जिथे निघतो तिथेच ओढून घेणे हा खरा उपाय, आणि तो केला की भिंगाचे काम आपोआप बरेच सोपे होते.

ओढून घेण्यातही एक गोम आहे. पंखा हवा फेकतो तेव्हा झोत लांबपर्यंत टिकतो. तोंडाच्या व्यासाच्या तीसपट अंतरावरही साधारण दहावा हिस्सा वेग शिल्लक असतो. ओढताना मात्र हवा सगळ्या बाजूंनी येते, त्यामुळे तोंडापासून एका व्यासाएवढ्या अंतरावरच वेग दहाव्या हिश्श्यावर येतो. म्हणजे १० सेंटिमीटर व्यासाचे तोंड बोर्डापासून हातभर लांब ठेवून ‘एक्स्ट्रॅक्टर लावला आहे’ म्हणण्यात अर्थ नाही. तोंड बोर्डाच्या अगदी जवळ, मागच्या बाजूला, बोर्डाहून जरा उंच पण भिंगाहून खाली हवे. धूर वर उठायच्या आत तिरपा व्हायला हवा. पेस्टचा ठिपका तापवून पाहावे: धुराची रेघ भिंगाखालून वाकून मागे गेली तर जागा बरोबर.

टेबल फॅन चेहऱ्याकडून बोर्डाकडे सोडणारे पुष्कळ. धूर भिंगापासून हटतो खरा, पण तो शेजारच्या टेबलावर जातो, आणि वाऱ्याने बिट व बोर्डाचे तापमानही हलते. स्वस्त एक्स्ट्रॅक्टरमध्ये कोळशाचा पातळ काळा स्पंज असतो. कोळसा वास आणि काही वायू धरतो. सूक्ष्म कण त्याच्या भोकांतून बऱ्याच प्रमाणात पार होतात. कण धरायला हेपा गाळणी लागते, जी ०.३ मायक्रॉनचे ९९.९७ टक्के कण अडवते. ती परवडत नसेल तर लवचीक पाइप जोडून धूर खिडकीबाहेर सोडावा. वरच्या मजल्यावर हे सहज जमते.

एवढे करूनही काच पुसावी लागते. सोल्डरिंग आयर्न आणि हॉट एअर आधी बंद करावे; आयसोप्रोपिल अल्कोहोल १२ अंशांनाच पेट घेण्याजोगी वाफ देऊ लागते, म्हणजे आपल्याकडे ते नेहमीच पेटायला तयार असते. मग रबरी फुग्याने धूळ उडवावी. ही पायरी टाळून थेट पुसले की सोल्डरचे बारीक कण काचेवर रगडले जातात. शर्टाचे टोक तर नकोच. लेन्स टिश्यूची गुंडाळी करून तिचे टोक ९९ टक्के अल्कोहोलने ओलसर करावे; थेंब काचेवर टाकू नये, नाहीतर तो कडेने आत शिरतो. मधून सुरुवात करून गोल गोल फिरवत कडेपर्यंत यावे आणि गुंडाळीची वापरलेली बाजू पुन्हा टेकवू नये. पहिल्या फेरीत राळ विरघळून नुसती पसरते, काच आधीपेक्षा वाईट दिसते. घाबरून जोर लावू नये, नव्या गुंडाळीने दुसरी-तिसरी फेरी मारावी.

बोर्ड धुवायचे थिनर किंवा ॲसिटोन भिंगाच्या जवळ आणू नये. रंग आणि प्लॅस्टिकच्या कड्या तर जातातच. शिवाय भिंग म्हणजे बहुधा एकमेकांना चिकटवलेल्या दोन काचा असतात, आणि शंभराहून अधिक वर्षे त्या चिकटवल्या जात होत्या कॅनडा बाल्समने. तीही एका सूचिपर्णी वृक्षाचीच राळ, अपवर्तनांक काचेशी जुळतो म्हणून निवडलेली. बाहेरची राळ काढायला वापरलेले जहाल द्रव्य कडेतून झिरपले तर आतली राळही सोडवते. आता कृत्रिम चिकटद्रव्ये आली आहेत, पण जुन्या बाजारातून आणलेल्या चांगल्या मायक्रोस्कोपात काय आहे हे वरून सांगता येत नाही.

कोकणात आणि गोव्यात आणखी एक शत्रू आहे, तो म्हणजे बुरशी. पावसाळ्याच्या ओल्या हवेत तिला थोडे सेंद्रिय खाद्य मिळाले की भिंगावर जाळे पसरते, आणि तिने सोडलेली आम्ले कोटिंगला कायमची खोक पाडतात. राळ, धूळ आणि बोटांचे ठसे तिच्या पथ्यावरच पडतात. चिपळूण-पणजीकडच्या कारागिरांनी रात्री मायक्रोस्कोपवर सुती कापडाची खोळ घालावी, प्लॅस्टिकची घट्ट पिशवी नको. आणि दुकान दोन-चार दिवस बंद राहणार असेल तर झाकणाच्या डब्यात सिलिका जेलबरोबर ठेवावा.

संरक्षक काचेचा मला सर्वांत मोठा वाटणारा उपयोग शेवटी सांगायचा राहिला. आठवड्याने ती काढावी, पांढऱ्या कागदावर ठेवावी आणि टॉर्चचा प्रकाश आडवा सोडावा. पिवळट, चिकट थर दिसला तर पुसण्याआधी एक्स्ट्रॅक्टरचे तोंड हलवावे: बोटभर पुढे, थोडे खाली, किंवा दुसऱ्या बाजूला. मग स्वच्छ काच लावून पुन्हा आठवडाभर काम करावे. थर कमी झाला की जागा सुधारली. काच जवळजवळ कोरी निघू लागली, म्हणजे धूर आता भिंगापर्यंत पोचत नाही आणि आयपीसवरच्या चेहऱ्यापर्यंतही फारसा पोचत नाही. ती जागा सापडली की टेबलावर मार्करने खूण करून ठेवावी, कारण झाडताना पाइप हमखास हलतो.